कॉकवरची तार

बाबा, तुमच्या जळलेल्या मोटारसायकलीपायी उद्या मला शीवला जावं लागणार आहे, ज्या माणसाशी तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत त्याच्या घरी. जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती. तुम्ही नाही, म्हणून लिहिते.

लालबागची चाळ पाडायला काढली. जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी इतकी वर्षं तशीच पडून होती. भंगारात द्यायला आई तयार होईना आणि माझं गिरगावातलं घर तळमजल्यावर, म्हणून टेम्पोत घालून आणली. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला गंज आणि काजळी काढायला मेकॅनिक कशाला हवा? ओट्यावर जुनी चादर पसरून मी एकेक भाग सोडवत बसते. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा, टाकी एका अंगाने फाटलेली, वायरींचा कोळसा झालेला. येणारेजाणारे थांबून विचारतात, "मॅडम, चालणार का ही?" मी म्हणते, "आधी तुम्ही चालायला लागा."

गाडी नीट करायची होती हे खरं, पण त्याहून जास्त मला बघायचं होतं की आग लागली कशी. गिरण्यांच्या संपातला तो दसरा. गाडी कित्येक महिने नुसती उभी होती, तरी पूजा व्हायलाच हवी म्हणून तुम्ही ती धुतलीत, पुसलीत, थोडं पेट्रोल घातलंत. पूजा झाली, आपण वर जेवायला बसलो आणि खाली भडका उडाला. तुम्ही जिन्यावरूनच ओरडलात, "त्यानेच विडी टाकली!" तो म्हणजे समोरच्या खोलीतले काका. संप मोडून ते कामावर गेले होते, त्यामुळे पुरावा कोणी मागितलाच नाही. त्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन सगळी चाळ एकमेकांकडे गेली, त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. पुढे ते शीवला राहायला गेले. मीही त्यांना गुन्हेगार समजूनच मोठी झाले.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा गोणपाटात काहीतरी घेऊन दारात उभा. लहानपणी मी त्याला गणितं शिकवायची, आता त्याचेही केस पिकलेत.

"ताई, टाकी आणलीय. याच मॉडेलची."

"मला टाकी हवीय हे तुला कोण बोललं?"

"अख्ख्या लालबागला माहितीय. भंगारवाल्यांची उलटतपासणी घेत फिरतेस ना तू."

"बदल्यात काय पाहिजे?"

"काय गं ताई! पप्पांनी पाठवलीय. बोलले, तिला म्हणावं, जमलं तर कॉक बघ."

मी टाकी ठेवून घेतली, चहाचं विचारलं नाही. अंथरुणाला खिळलेला म्हातारा कॉकबद्दल निरोप पाठवतो, म्हणजे यात काहीतरी डाव असणार. मुलगा गेल्यावर ती टाकी मी उलटीसुलटी करून पाहिली, आत बॅटरी मारून पाहिली. टाकीच होती.

कॉक काल सुटला. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे सोडणारी ती पितळी तोटी काळीठिक्कर पडली होती. खरवडत गेले तर खाली तांब्याची तार लागली. गळती थांबवायला घट्ट आवळलेली, पीळ दुहेरी, टोक आत वळवून दाबलेलं. बाबा, हा पीळ मी कुठेही ओळखेन. आपल्या कढईच्या कानाला तो होता, माझ्या छत्रीच्या काडीला होता. एकदा बादलीची कडी मी बांधली आणि टोक बाहेर राहिलं, तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही ती सोडायला लावलीत. "तार पिळलीस की टोक आत. उचलणाऱ्याचा हात फाटता कामा नये."

म्हणजे कॉक गळतो हे तुम्हाला ठाऊक होतं.

मी काळ्या हातांनीच आत गेले. आई लसूण सोलत बसली होती.

"आई, त्या दसऱ्याला पूजेचं निरांजन कुठे ठेवलं होतंस?"

तिचे हात थांबले. "गाडीखाली. वाऱ्यान विझात म्हणान."

"कॉक गळतो हे तुला सांगितलं नव्हतं?"

"माका कोण सांगतला? मागसून सांगल्यानी. म्हणाले, तू गप रव, मी बघतंय."

आणि ती पुन्हा लसूण सोलायला लागली. आता तुम्ही सांगा. त्या दिवशी जिन्यावरून ओरडलात ते आईला वाचवायला, की स्वतःला? की संपाचा राग काढायला निमित्तच हवं होतं? मी तिन्ही उत्तरं लावून पाहते आणि एकावरही माझा विश्वास बसत नाही.

बाबा, शीवहून परत आले, पत्र पुढे लिहिते. काका खिडकीशी पडून असतात, दिसतं कमी. कॉक हातात दिला तसा त्यांनी तारेवरून अंगठा फिरवला.

"तुझ्या बापाशीचो पीळ," ते म्हणाले. "मी त्याका आदल्या दिवशी सांगितलेलंय, गळताहा म्हणान. तो म्हणालो, कामार जाणाऱ्यान माका शिकवू नये."

मी म्हटलं, "काका, आग तुमच्या विडीने लागली नव्हती."

"आता कोणाक सांगतलंस? चाळ रिकामी झाली."

"मला सांग ना," मुलगा दारातून म्हणाला. "शाळेत मला आगलाव्या म्हणायचे."

मी त्याच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्याने मान हलवली, मग विचारलं, "मग लागली कशाने, ताई?"

मी म्हटलं, "पेट्रोल गळत होतं. ठिणगी कुठलीही असेल."

तुमच्यावर संशय घ्यायला मला दोन दिवस पुरले, बाबा, आणि खोटं बोलायला तुमच्यासारखाच एक क्षण. हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही.

शीवला दिलं ते असं: पितळी कॉक एक, तारेसकट, काकांच्या हातात. विडीबद्दलचं एक वाक्य, बापाला आणि मुलाला, दोघांना. निरांजन दिलं नाही.