बाबांच्या नावाची नळी

काओशुंग, १८ ऑक्टोबर १९८९

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली सुकी माकुळं आणि शेंगदाणे पोचले. माकुळांचा वास खोलीभर सुटल्यामुळे माझ्या शेजारणीने दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी निम्मी खाऊन टाकली. इकडे अजून पंखा लागतो. तिकडे ईशान्येचा वारा सुरू झाला असेल, तेव्हा कानाला फडकं बांधल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नकोस.

आता जे लिहिते आहे ते शांतपणे वाच आणि कोणाला वाचून दाखवू नकोस. मच्छीमार संघाच्या वार्षिक तपासणीच्या रक्ताची पेटी आपल्या पेंगहू बेटांवरून विमानाने आमच्या प्रयोगशाळेत आली. त्यात बाबांच्या नावाची नळी होती. यंत्रात घातली, तर पांढऱ्या पेशी असाव्यात त्याच्या दसपट. पण खालचा आकडा वाचला आणि भीतीच्या जागी संशय आला. बाबांच्या तांबड्या पेशी जन्मापासून बारीक आहेत. त्याने त्यांचं काही बिघडत नाही, माझ्याही तशाच आहेत. मागच्या वर्षी त्यांचं माप चौसष्ट होतं, त्याच्या आदल्या वर्षीही तेवढंच. या नळीत ते नव्वद आहे. माणसाचं वजन वाढतं, राग वाढतो, पण पेशी अशा वर्षभरात फुगत नाहीत.

आधी मी आमच्याच लोकांवर संशय घेतला. मागच्यापुढच्या नळ्या काढून पुन्हा मोजल्या. त्या सगळ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. नळी हलक्या हाताने उलटीपालटी करून परत यंत्रात घातली, गुठळी आहे का पाहिलं. काही नाही. रक्त चांगलं आहे, पण बाबांचं नाही.

आपल्या बेटावर देवळाच्या वर्गणीपासून संघाच्या सभेपर्यंत घरटी एक माणूस गेलं की सगळ्या घराचं झालं, असं चालतं. रक्ताचं तसं केलं नाहीत ना? तपासणीच्या दिवशी बाबांनी स्वतः हात पुढे केला होता का, एवढंच मला कळव. बाबांच्या होडीच्या परवान्याची काळजी मला कळते. पण आई, ज्या कोणाचं हे रक्त आहे ते माणूस आजारी आहे, साधंसुधं नव्हे, आणि त्याला ते माहीत नाही. ते कोण हे मला कळलंच पाहिजे.

बाबांना सा. नमस्कार. माया आहे ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
सूयुए


बेटावरून, २४ ऑक्टोबर

चि. सूयुए हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. शिकवून सवरून तुला मोठ्या इस्पितळात धाडली ती काय घरच्यांवर पाळत ठेवायला? तुझ्या बाबांनी रक्त स्वतः दिलं. माझ्या डोळ्यांदेखत, आपल्या उंबऱ्यात बसून, बाही वर करून दिलं. नर्स म्हणून आपली पीयून घरी आली होती. ती माझ्या चुलत बहिणीची मुलगी आहे. ती असलं काही करणार नाही, आणि तिच्या नोकरीवर येईल असं काही तूही करणार नाहीस.

खोट काढायचीच असेल तर तुझ्या प्रयोगशाळेत काढ. तुमच्याकडच्या त्या पोरी नखं रंगवत गप्पा छाटतात आणि नावाच्या चिठ्ठ्या कुठेही डकवतात, हे तूच मला मागे हसत सांगितलं होतंस. शिवाय ती पेटी विमानतळावर उन्हात पडलेली आपल्या शेजाऱ्याने पाहिली. उन्हात मासा फुगतो, रक्त नाही फुगणार?

इकडे सगळं ठीक. सुरमईला सुरुवात झाली आहे. बाबांची होडी पहिल्याच फेरीत भरून आली. ते खुशीत आहेत, म्हणजे ज्वारीच्या दारूचा एक पेला जास्त. मागच्या साली त्यांच्या पोटातून रक्त गेलं आणि संघवाल्यांनी यंदा रक्त कमी निघालं तर होडीची तांडेलकी काढून घेऊ असा दम दिला, तेव्हापासून हा माणूस झोपेतसुद्धा परवान्याबद्दल बोलतो. त्याला किनाऱ्यावर बसवलंत तर तो वर्षभर टिकायचा नाही. तेव्हा उगाच खोदत बसू नकोस.

सहज विचारते, ज्या कोणाचं ते रक्त असेल, त्याला नेमकं काय झालं आहे? दुखतं का त्यात? असं माणूस साधारण किती काळ काढतं? बायकांमध्ये विषय निघाला म्हणून विचारलं.

जेवत जा. राग मानू नकोस.

तुझी आई


काओशुंग, ३० ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

विषय निघाला असं तू लिहितेस. मी तर कोणाला वाचून दाखवू नकोस असं लिहिलं होतं. मग बायकांमध्ये तो काढला कोणी?

उन्हाचं तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. रक्त जास्त वेळ पडून राहिलं तर पेशी थोड्या फुगतात. पण त्याच पेटीतल्या बाकीच्या नळ्या फुगल्या नाहीत. ऊन काय एकट्या बाबांच्याच नळीवर पडलं?

आता पुढचं ऐक. मी त्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बसले. पांढऱ्या पेशी इतक्या की पट्टी भरून गेली, आणि त्यात ज्या हाडातच राहायला हव्यात अशा कोवळ्या पेशीही बाहेर आलेल्या. हा रक्ताचा कर्करोग आहे, सावकाश वाढणारा. मी शंभरावर पेशी एकेक करून पाहिल्या. त्यांतल्या काहींच्या गाभ्याला ढोलाच्या टिपरीसारखा इवलासा दांडा होता. तो पुरुषाच्या पेशीत नसतो. हे बाईचं रक्त आहे, आई. आमच्या प्रमुख शिए बाईंनाही दाखवलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली आणि बाबांच्या नावाचा अहवाल अडवून ठेवला. बाबांचं रक्त नव्याने आल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. सुरुवातीला दुखत नाही. थकवा येतो, रात्री अंगाला घाम सुटतो, डाव्या बरगडीखाली जड वाटतं आणि चार घास खाल्ले की पोट भरतं. सुरुवातीला गोळ्यांनी आवरता येतं, काही वर्षं मिळतात. उशीर केला तर ती मिळत नाहीत.

आता सरळ विचारते. ते रक्त तू दिलंस का? हो असेल तर मी रागावणार नाही. नाही असेल तर कोणाचं आहे ते शोधायला मला मदत कर.

उत्तर उलट टपाली पाठव. जीव लागून राहिला आहे.

तुझी,
सूयुए


बेटावरून, ४ नोव्हेंबर

चि. सूयुए हिस,
अनेक आशीर्वाद.

बाईचं रक्त. वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उजेड पडला. तू मला काय विचारतेस, तुझ्या बाबांना विचार. तपासणीच्या दिवशी मी इथे नव्हतेच. मी मागोंगला तुझ्या मावशीकडे कोबीचं खारवण घालायला गेले होते. माझ्या पाठीमागे माझ्या घरात कोणती बाई बाही वर करून बसली होती हे मला कसं कळणार? पण मला माहीत आहे. धक्क्यावर माशाच्या गोळ्यांचं सूप विकणारी ती आचिन. हे होडीवरून उतरले की आधी तिच्या गाडीवर जातात, मग घरी. सूप म्हणे अंगात ऊब आणतं. माझ्या हातचं सूप काय बर्फाचं असतं?

मी दर्याच्या देवीच्या, मात्सूमातेच्या देवळात जाऊन कौल लावला. चंद्रकोरीच्या आकाराचे ते दोन लाकडी तुकडे तीनदा टाकले. तिन्ही वेळा देवीने हसून टाळलं, ना हो म्हणाली ना नाही. देवीसुद्धा पुरुषांचीच बाजू घेते. त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलत नाही, ताट समोर आदळते.

तू एवढंच कर. नव्या वर्षाचा सण होईपर्यंत तो अहवाल चांगला म्हणून लावून टाक. सुरमईचा हंगाम तोवर आटोपतो. मग मी स्वतः त्या आचिनचा कान धरून तिला फेरीबोटीत बसवते आणि तुझ्या दारात आणून सोडते. दोन-अडीच महिन्यांनी असा काय फरक पडणार आहे? सावकाश वाढणारा रोग आहे असं तूच लिहिलं आहेस.

थंडीत सुती कपडे घालून हिंडू नकोस. ममता आहे म्हणून बोलते.

तुझी आई


बेटावरून, ९ नोव्हेंबर

चि. सूयुए हिला बाबांचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लागेल तसं लाव.

तुझी आई बिथरली आहे. तिने मला सूपवाल्या आचिनवरून धारेवर धरलं आहे. आचिन मे महिन्यातच गाडी विकून थायनानला मुलाकडे राहायला गेली, हे अख्ख्या बेटाला माहीत आहे. तिला निरोपाचा डबा तुझ्या आईनेच भरून दिला होता. मी तसं म्हणालो, तर म्हणाली की म्हणजे आता थायनानपर्यंत जाता का. मी जाळं घेऊन बाहेर बसलो.

तिच्या उशीखाली तुझी पत्रं सापडली. दोन्ही वाचली. चोरून वाचली, ते चुकलं, पण बरं झालं. मी या वर्षी रक्त दिलेलं नाही. भरतीची वेळ होती, मी उत्तरेच्या खडकांकडे गेलो होतो. परत आलो तर तुझी आई म्हणाली की काम झालं, पीयूनने सांभाळून घेतलं. मी विचारलं नाही. परवाना वाचतो आहे म्हटल्यावर मला विचारायचं नव्हतं.

आणि ती मागोंगला गेली नव्हती. मावशी उन्हाळ्यापासून मागोंगमध्ये नाहीच.

ती चार घास खाऊन ताट सरकवते. विजारीचा कंबरपट्टा तिने दोनदा उसवून सैल केला, म्हणाली वय झालं की पोट सुटतं. पण हात बघ तर काटक्या झाल्या आहेत. माझ्या शेजारी झोपते, पहाटे तिचा सदरा पिळून काढावा इतका ओला असतो. तुझं पत्र वाचेपर्यंत मला त्यात काही दिसलं नाही. वारा कुठून फिरणार हे मला चार तास आधी कळतं, आणि हे कळलं नाही.

मी काय करू ते लिही. तू सांगशील ते करीन.

बाबा


काओशुंग, १३ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकात बाबांनी तुझ्या डोळ्यांदेखत रक्त दिलं. दुसऱ्यात तू त्या दिवशी घरीच नव्हतीस. खोटं बोलायचं तर आधीचं खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि तू मला लहानपणी याच कारणासाठी पकडायचीस.

मी अहवाल चांगला म्हणून लावणार नाही. दुसऱ्या कोणाचा असता तरी लावला नसता, आणि हा तर तुझा आहे. सण होईपर्यंत थांबायला तयार असलेली ती बाई तूच आहेस, हे कळल्यापासून मला काम सुचत नाही. तीच काचपट्टी मी पुन्हा पुन्हा पाहते. अगोदर मी ती परक्या माणसाची म्हणून पाहत होते, तेव्हा पेशी नीट मोजता येत होत्या.

शिए बाईंनी रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. बाबांनाही वेगळं लिहिलं आहे. तू ये. यापुढे पत्रात युक्त्या लढवू नकोस. मला तुझ्यासाठी फार भीती वाटते आहे.

तुझी,
सूयुए


बेटावरून, १८ नोव्हेंबर

चि. सूयुए हिस,
अनेक आशीर्वाद.

मीच दिलं. पीयून दारात आली तेव्हा तिच्या पेटीत नावं लावलेल्या नळ्या तयार होत्या. हे समुद्रावर होते आणि दुपारी विमान सुटणार होतं. मी म्हटलं, एका घरचं रक्त, त्यात काय एवढं, माझंच घे. ती क्षणभर घुटमळली आणि तिने घेतलं. यांचं पोटातून गेलेलं रक्त मला ठाऊक होतं. माझं धडधाकट असेल असं मला वाटलं. बघ कशी फजिती झाली.

तुझं टिपरीचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. मी ते मोरीत जाऊन दोनदा वाचलं आणि डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. मग मनाशी ठरवलं की हा एक हंगाम यांना तांडेल म्हणून काढू द्यायचा. पुढच्या हंगामाला मी असेन की नाही कोण जाणे, आणि मागे उरलेल्या माणसाच्या हातात निदान सुकाणू तरी असावं. म्हणून बिचाऱ्या आचिनला मध्ये ओढलं. तिची मनातल्या मनात माफी मागितली आहे.

पण तुझे बाबा. काल संघाच्या सभेत सगळ्यांसमोर उभे राहिले आणि स्वतःच्या नावाची नळी कोणाच्या रक्ताने भरली होती ते सांगून मोकळे झाले. परवाना टेबलावर ठेवला. पीयूनचा दोष नाही, माझ्या घराचा आहे, असंही म्हणाले. मी घरी कळल्यावर खूप भांडले. ज्यासाठी मी एवढं सगळं केलं ते या माणसाने एका सकाळी मातीत घालवलं. ते माझे कपडे घडी करत बसले. त्यांना घडी करता येत नाही. सगळे सदरे चुरगाळलेले निघतील, तेव्हा हसू नकोस.

पुढच्या आठवड्याच्या फेरीबोटीने आम्ही दोघं येतो. त्यांच्याही पोटाची तपासणी करून घे. ते नाही म्हणतील, ऐकू नकोस.

एकच मागणं आहे. डॉक्टर जे सांगतील ते आम्हा दोघांना समोरासमोर बसवून सांग. मला एकटीला बाजूला घेऊन सांगू नकोस. मी ते यांच्यापासून लपवीन, आणि लपवणं मला फार चांगलं जमतं.

माया होतीच, आता ती थोडी जास्त लागेल.

तुझी आई