कुलूपताईच्या मागे उरणाऱ्या किल्ल्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. धाकट्या भावाला अजून शंका आहे, पण त्याचे मत कायद्याला लागत नाही. लोक मला कुलूपताई म्हणतात. इंटरनेटवर माणसाला मोकळेपणाने बोलता यावे आणि त्याचे खासगी ते खासगीच राहावे, म्हणून आम्ही एक लहानशी संस्था काढली. तिथे मी जन्मभर लोकांना एकच गोष्ट शिकवली: कुलूप लावा.

कलम एक. राहते घर भाऊ आणि भावजय या दोघांना. दाराला तीन कुलपे आहेत. तिसऱ्याची किल्ली मी इतकी सुरक्षित ठेवली आहे की ती मलाही सापडत नाही, म्हणून ते कुलूप लावू नये.

कलम दोन. संस्थेतला फ्रीज खालच्या दुकानातल्या शिंप्याला. चोरून कोणी ऐकू नये म्हणून बैठकीच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल आम्ही त्यात ठेवत असू, त्यामुळे दुधाला कधी जागा झाली नाही. एकदा खजिनदारांचा मोबाइल बर्फाच्या कप्प्यात राहिला आणि कायमचा गप्प झाला. खरे सांगायचे तर आमच्या बैठका ऐकत बसण्याची शिक्षा कोणत्याही सरकारने स्वतःच्या माणसाला दिली नसती.

कलम तीन. आशियातल्या आमच्यासारख्या संस्थांच्या परिषदांतून आणलेल्या कापडी पिशव्या भावजयीला, भाजीसाठी. प्रत्येकीवर ‘मुक्त इंटरनेट’ असे छापले आहे. परिषदेच्या हॉटेलातले इंटरनेट मात्र हटकून बंद पडायचे. आमच्या अहवालांची पेटी देणगीदारांना परत करावी. “तुमच्यामुळे स्वातंत्र्य किती टक्क्यांनी वाढले?” असे ते दरवर्षी विचारत आणि मी दरवर्षी एक आकडा ठोकून देत असे.

कलम चार. हे नीट वाचावे. संस्थेच्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे. एका जिल्ह्यातले फोन आणि इंटरनेट सरकारने कित्येक महिने बंद ठेवले होते. तेव्हा काय काय झाले, ते तिथल्या माणसांनी आम्हाला सांगितले. त्या हकिकती डिस्कमध्ये आहेत, नावांसकट. आम्ही त्यांना शब्द दिला आहे की नाव कोणाला कळणार नाही आणि कोणी ‘पुसा’ म्हटले तर त्याच दिवशी पुसले जाईल.

म्हणून डिस्कच्या पासवर्डचे तीन वाटे केले: एक माझा, एक आमच्या वकीलसाहेबांचा, एक भावजयीचा. कोणतेही दोन वाटे जुळले तरच डिस्क उघडते. वाटा कागदावर लिहायचा नाही, फोनवर सांगायचा नाही. दोघांनी एका टेबलाशी बसून आपापला टाइप करायचा, हा आमचा रिवाज. मोठ्या ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले आणि माझा वाटा डोक्यातून गेला तो गेलाच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

भावजयीला म्हटले, “तुझा मला सांगून ठेव, मी वकिलांबरोबर बसते.”

“कुणालाही सांगायचं नाही, हे ताई तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “तुम्ही काय कुणीच नाही का?”

आता उरले ते दोघे, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वकीलसाहेब आम्हाला सोडून सरकारी समितीवर गेले, व्यवस्था आतून सुधारायला. आत जाऊन बरीच वर्षे झाली. सुधारणा अजून बाहेर यायची आहे. तेव्हापासून मी त्यांच्याशी अबोला धरला. भावजयीचा अबोला त्याहून जुना. एका शिबिरात त्यांनी सर्वांसमोर तिचा पासवर्ड पहिल्याच फटक्यात ओळखून दाखवला होता. तो मुलाचे नाव आणि एक-दोन-तीन, असा होता. सगळे हसले. मीही हसले, तेही तिच्या लक्षात आहे.

तरी माझी इच्छा अशी, की मी गेल्यावर या दोघांनी एका टेबलाशी बसावे, डिस्क उघडावी आणि भरवशाचे तिसरे माणूस शोधून नवे तीन वाटे करावेत. नाहीतर दिलेला शब्द माझ्याबरोबर जाईल. वकीलसाहेबांनी आधी तिची माफी मागावी. मला त्यांची फार आठवण येते, हेही इथेच लिहून टाकते. समोरासमोर म्हणणे आता माझ्याच्याने व्हायचे नाही.

कलम पाच. संस्थेचा जुना फोन भावजयीला. तो चार्ज केलेला असावा. त्या जिल्ह्यातली एक परिचारिका त्यावर दरवर्षी फोन करते. त्या बंदीच्या महिन्यांत जिल्ह्यातले फोन बंद असल्याने तिला रुग्णवाहिका बोलावता आली नाही आणि तिच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण गेली. हे बाहेर सांगितले म्हणून नोकरी जाईल, याची तिला धास्ती. ती एकच विचारते, “ताई, माझं नाव कुलपातच आहे ना?” मी म्हणते, “आहे.” माझ्यामागे फोन वाजला तर उचलावा, आणि खरे असेल तरच ‘आहे’ म्हणावे.

यंदा तिला म्हटले की मी मृत्युपत्र लिहिते आहे आणि एक साक्षीदार कमी पडतो आहे. ती बस पकडून आली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून तिला काहीच देत नाही.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक मूळ प्रतीवर आहे. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे या प्रतीत सर्व नावे झाकली आहेत.

लिहून ठेवणार: कुलूपताई (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही, कोणालाही वाचता येत नाही. याहून सुरक्षित सही मी पाहिलेली नाही.)

साक्षीदार दुसरी: परिचारिका (सही). मूळ प्रतीत तिने पूर्ण नाव लिहिले आहे, गावासकट. माझ्यामागे ती प्रत नोंदणी कचेरीतून कोणालाही मागवून वाचता येईल, हे मी तिला पुन्हा पुन्हा समजावले.

“म्हणून तर लिहिलं,” म्हणाली.