धाकटीचा अर्ज

रविवार, ४ फेब्रुवारी

खेळ म्हणे! चार माणसे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, आजच्याच एखाद्या शहरात माणसांत मिसळून राहणारे व्हॅम्पायर होतात आणि पुढे काय करायचे ते बोलून ठरवतात. अडले तर फासे. गोष्ट पुढे नेते सूनबाई, निवेदक तीच. चौथी खुर्ची माझ्या मुलाची होती. तो जाऊन दोन वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "आई, बसता का? दाराआडून नुसत्या ऐकत असता." बसले. तेव्हापासून आठवड्यात रविवार असतो हे पुन्हा ध्यानात येऊ लागले. मी तिची ऋणी आहे. तिला तसे सांगितलेले नाही.

मी 'थोरली' — तीनशे वर्षांची, शहरातल्या व्हॅम्पायरांची न्यायाधीश. लिफ्ट दुरुस्त करणारी शेजारीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "सासूबाईंना नवं काही शिकावंच लागणार नाही!" सर्वांत मोठ्याने सूनबाई हसली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाने सूनबाईला बोलावले, त्याला महिना होत आला. जुन्या चित्रांवरची काजळी कापसाच्या बोळ्याने उतरवण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. तिथे अख्खा विभाग तिच्या हाती असेल. "बघू," म्हणाली होती. मी पुढे विचारले नाही. न विचारण्यात माझा स्वार्थ आहे, इतके नोंदवते.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज गोष्टीत धाकटी आली. थोरलीने पूर्वी स्वतःचे रक्त पाजून जिला व्हॅम्पायर केले, ती. अशीने थोरलीच्या आज्ञेबाहेर जायचे नाही, हा त्यांचा कायदा. तिच्या वतीने सूनबाई बोलत होती: "मला दुसऱ्या शहरात जायचंय. परवानगी द्या."

मी नाकारली. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. पूर्वपक्ष मांडला आणि तीन मुद्द्यांत खोडला. आज्ञेत राहण्याची शपथ स्वेच्छेने घेतलेली. तिला अपवाद नाही. एकीला सोडले तर सगळ्याच जातील. फाशांची गरजच पडली नाही!

टेबलावरचा चौथा, दंतवैद्य, माझा जुना विद्यार्थी. खेळात व्हॅम्पायर झाल्यापासून स्वतःच्या सुळ्यांची फार काळजी घेतो. तो हळूच म्हणाला, "बाई, जिंकलात. पण ती रडतेय."

"कोण, धाकटी?"

सूनबाई मान खाली घालून फासे डबीत भरत होती.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

युक्तिवाद पुन्हा तपासला. तिन्ही मुद्दे निर्दोष. चौथा मी मांडलाच नव्हता — ती गेली तर या घरात मी एकटी उरेन. सगळा डोलारा त्याच्यावर उभा! विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला शून्य दिले असते.

रविवार, १८ फेब्रुवारी

थोरलीने धाकटीला मोकळे केले. कारणे दिली नाहीत — आयुष्यात प्रथमच. "जा. तू होतीस म्हणून दिवस सरले," एवढेच म्हटले. थोरलीच्या करड्या आवाजात म्हणायचे होते. ते साधले नाही.

"अहो, डोळे पुसा, व्हॅम्पायर रडत नसतात!" शेजारीण ओरडली. दंतवैद्य नाक शिंकरत होता. त्यालाही हा नियम कोणी सांगितलेला नसावा.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सकाळी चहा पुढे ठेवून सूनबाई म्हणाली, "आई, होकार मी जानेवारीतच कळवलाय. एक तारखेला निघायचंय."

म्हणजे मी मोठ्या मनाने दिलेल्या परवानगीवाचून तिचे काहीच अडले नव्हते! विचारले, "आणि मी नाहीच म्हटले असते तर?"

"तरी गेले असते. पण मग परत यायला तोंड उरलं नसतं."