कमरेला करदोडा होता

५ जून २०२५, नल्लकुंटा
उद्या ऑफिसच्या कामाने बार्सिलोना. आठ दिवस. त्रिवेणीने बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि जास्तीचे तीन बनियन भरले. एकोणीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काही लपवलं नाही. तिकडेही नियम तोच.

८ जून, बार्सिलोना, सकाळ
रविवार, सुट्टी. टीममधला अमेय म्हणाला, सर, जवळच एक बीच आहे, तिथे लोक कपडे घालत नाहीत. चांगला झापला त्याला. मग पत्ता विचारून घेतला. चुकून तिकडे जायला नको.

८ जून, संध्याकाळ
गेलो.
नुसतं लांबून बघून यायचं होतं. इस्त्रीचा शर्ट, पँट, बूट. पण तिथे कपड्यातला मी एकटाच, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायला लागले. आजी-आजोबासुद्धा. नाइलाजाने काढले. वीस मिनिटं वाळूत पालथा, डोळे गच्च मिटून, तोंड टॉवेलात. कमरेचा काळा करदोडा मात्र ठेवला. आई म्हणायची, करदोडा असला की पोर नागडं धरत नाहीत. तेव्हा मी नागडा नव्हतो. मग हॉटेलवर येऊन दोनदा अंघोळ कशाला केली, काय की.
त्रिवेणीचा फोन. सुट्टीत काय केलं, विचारलं. आराम, म्हणालो. खोटं नाही.

१४ जून, नल्लकुंटा
पोचलो. आजच सांगणार होतो, पण तिने बगारा बैंगन केलं होतं. जेवताना असले विषय काढू नयेत.

१५ जून
सासरे आले. नामदेवरावांची नजर फार बारीक. जावईबापू, मान भाजली कशाने, म्हणाले. मीटिंग उन्हात होती, म्हणालो. त्रिवेणीने लगेच कोरफड आणून लावली. लाज वाटली. तिचे हात गार होते.

१७ जून
प्रायश्चित्त. मंगळवारचा उपवास धरला, भांडी घासली, देवाला नारळ. त्रिवेणी खूश होईल असं वाटलं होतं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

१९ जून
उपवास दुपारी सोडला होता, ते लिहायचं राहिलं.
तिला साडी आणली. कशासाठी, म्हणाली. सहज, म्हणालो. लग्न झाल्यापासून सहज साडी पहिलीच. घडी न मोडता कपाटात ठेवली आणि विचारलं, सगळं बरं आहे ना.

२१ जून, सकाळी ६
आज नक्की. मुद्दे काढले आहेत: परदेशी रीतभात, करदोडा, पालथा असणे.

२१ जून, रात्री
अमावस्या जवळ आली आहे. उद्या.

२२ जून
सांगितलं. सगळं.
त्रिवेणी आधी रडली. तिला वाटत होतं माझी नोकरी गेली. आठवडाभर झोप नाही बाईला, आणि मी साड्या आणतोय. मग करदोड्याचा मुद्दा मांडला तर इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. माफ, म्हणाली. हलकं वाटलं. एवढं सोपं होतं तर उगाच घाबरलो.
मग तिने पदर नीट केला. म्हणाली, म्हणजे तुम्ही समुद्रावर जाऊन आलात. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. विशाखापट्टणम दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी माझं काम निघतं. नागड्या लोकांबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाली, पाणी खरंच खारट लागतं का हो?
मी पाण्यापर्यंत गेलोच नव्हतो. समुद्राकडे नीट बघितलंही नव्हतं.
हो, फार खारट, म्हणालो.