खोडायचं राहिलेलं नाव

प्रिय ताई,

काल फोनवर तू एवढंच म्हणालीस, "जिवंत आहेस ना? मग ठेव." मी ठेवला. तुझा राग निवेपर्यंत थांबायला हवं होतं, पण मला थांबणं जमत नाही. सावकाश वाच, अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जाते, असं मी इथून घरी फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. सलग सात दिवस सुट्टी होती आणि एका गोष्टीचा निर्णय होत नव्हता (ती शेवटी सांगते), म्हणून मी डोंगरातली एक वाट एकटीने चालायला गेले. रोज पाच-सहा तास चालायचं, रात्री लाकडी खोलीत मुक्काम. तू म्हणशील, गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी ही भित्री भागूबाई डोंगरात कशाला तडफडली? पहिल्या दिवशी मीही स्वतःला हेच विचारत होते. पिशवीत इतकी औषधं होती, की वाटेत भेटलेल्या एका आजोबांनी विचारलं, "वर दवाखाना काढणार आहेस का?" दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आले. तिसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी जास्त होतं. अर्धा तास काठावर बसले, मग बूट गळ्यात अडकवून पलीकडे गेले. चौथ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून मी कशाचीच काळजी केलेली नाही.

इथली रीत अशी, की निघताना वनखात्याच्या चौकीतल्या वहीत नाव, परतायची तारीख आणि काही झालं तर कळवायचा नंबर लिहायचा. उतरल्यावर आपलं नाव आपणच खोडायचं. खोडलं नाही, तर माणूस वरच अडकला असं समजतात. बाबांना धक्का नको म्हणून मी तुझा नंबर लिहिला. पाचव्या दिवशी खाली उतरले, तर समोर बस सुटायच्या बेतात. मी धावत चढले. फोन कधीच बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर पोचेपर्यंत वही आठवलीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा आनंदाच्या भरात काही विसरले, आणि नेमकं हे.

पुढचं आज तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं; तू त्यांच्यापाशी सगळं बोलली होतीस. फोनवर परक्या भाषेत कोणीतरी पुन्हा पुन्हा माझं नाव घेत होतं आणि तुला तेवढंच कळत होतं. कपडे न्यायला आलेल्या बाईंनी फोन घेऊन तुला अर्थ सांगितला. तू घरी गेलीस. लवकर कशी, असं आईने विचारल्यावर "मशीन बिघडलं" म्हणालीस. दोघांना जेवायला वाढलंस आणि मोरीत जाऊन मला फोन लावत राहिलीस. सहा तास, मी खोलीवर येऊन फोन चालू करेपर्यंत. मालकीणबाई म्हणाल्या, "मी असते तर अख्खी गल्ली गोळा केली असती."

माफी तर मागतेच आहे, पण पत्र तेवढ्यासाठी नाही. ऑफिस मला आणखी तीन वर्षं इथे ठेवायला तयार आहे. ओढा ओलांडल्यावर मी मनातल्या मनात 'हो' म्हणून टाकलं होतं आणि तुला मागाहून कळवायचं ठरवलं होतं. मला शाळेत घातलं आणि तुला शिवणावर बसवलं, तेव्हाही तुला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या पुस्तकांतून अक्षरं तू रात्री स्वतःची स्वतः शिकलीस. मी इथे राहिले तर आईचं दुखणं, बाबांचे डोळे, सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मला राहायचं आहे, हे लपवत नाही. पण तू नाही म्हणालीस तर मी येईन, आणि तोंड पाडून बसणार नाही. आई-बाबांना अजून काही ठाऊक नाही. आधी तुला विचारते आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच धाकटी