शनिवारची समाजसेवा

प्रिय झोपाळूबाई,

अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली असतील, सांभाळून घे. दिसत नाही म्हणून ओळीखाली पट्टी धरून लिहितेय. पट्टी सरकली की ओळही घसरते. फोनवर तू सारखी घाईत असतेस. कॉलेज लागल्यापासून एकदाही फिरकली नाहीस, तेव्हा म्हटलं आपणच लिहावं.

तू पहिल्यांदा आलीस ती आठवीत. तुझ्या आईने दारातच मला सगळा बेत ऐकवला होता. आठवीपासून पोहणं, नववीत वक्तृत्व, दहावीत मार्कच मार्क, आणि बारावीपर्यंत दर शनिवारी एका आंधळ्या बाईला वाचून दाखवणं, कारण मोठ्या कॉलेजांना समाजसेवा लागते. समाजसेवा म्हणजे मी! मला हसू आवरेना. पण जन्मभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली गं, आवाजावरून माणूस किती दमलाय ते मला कळतं. तुझा आवाज त्या वयातच पार थकलेला होता. दुसऱ्याच शनिवारी वाचता वाचता तू कोचावर कलंडलीस आणि चक्क घोरायला लागलीस. मी पंखा लावला, रेडिओ बंद केला. उठल्यावर इतकी ओशाळलीस की मीच तुला चहा करून दिला आणि शाळेच्या समाजसेवेच्या हजेरी-कार्डावर सही ठोकली. पुढे बारावीपर्यंत तेच चाललं. एक म्हणून पुस्तक आपण धड संपवलं नाही. जागी असलीस की मात्र तुझी टकळी सुरू, पोहण्याच्या सरांची नक्कल काय नि घरात जेवतानाही निघणारा कॉलेजचा विषय काय. पुढे काय ठरवलंयस असं न विचारणारं हे एकच घर आहे, असं तू एकदा म्हणालीस. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

इकडचं म्हणशील तर खालच्या शिंपीणबाईंशी माझं पुन्हा वाजलंय. शाळेने तुझ्या जागी नवी मुलगी पाठवलीय. गुणी आहे बिचारी, पण बातम्या दिल्यासारखी वाचते आणि वेळ झाली की चपला घालते. तिला बसायला खुर्ची देते मी. कोचावर बस म्हणायला जीभ रेटत नाही.

मागच्या शनिवारी तिने शाळेचा वार्षिक अंक आणला. कॉलेजच्या अर्जात तू लिहिलेला निबंध त्यात छापलाय. खणखणीत वाचला तिने. एक एकाकी, निराधार म्हातारी आठवडाभर दाराशी बसून तुझी वाट बघते म्हणे. मला वाटलं, कोण गं ही बापडी? मग निबंधातलं घर ओळखीचं वाटायला लागलं. रागावले नाही असं कशाला सांगू, दोन दिवस धुमसत होते. मला काय कमी होतं तेव्हा? मैत्रिणींचे फोन होते, रेडिओ होता, भांडायला शिंपीणबाई होत्या. एकटी होतीस ती तू. मग लक्षात आलं, हा निबंध आजीला कुणी वाचून दाखवला तर, या धास्तीनेच तू येत नाहीयेस. दाखवला वाचून. झालं, विषय संपला. निबंध तेव्हा खोटा होता, पोरी. हल्ली शनिवारी मी खरोखरच दाराशी बसते. सुट्टीत ये.

तुझीच,
कोचवाली आजी