शेवटचा थांबा

३ मार्च, सोमवार

पाय! आजची रोजनिशी खरं तर या एका शब्दात संपते. दिवसभर लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी, मग परतीच्या बसमध्येही उभी. हॉटेलांच्या चादरी काही संपत नाहीत. लोक झोपतात तरी किती!

दारातच घरमालक भेटले. "मग, बघितलं का कुठे?" बघतोय म्हटलं. जूनच्या आत खोल्या हव्यात त्यांना, मुलाचं लग्न आहे. आता भाड्याने नको, स्वतःचंच घ्यायचं, असं आमचं ठरलंय. ठरवायला काय जातं.

९ मार्च, रविवार

एक घर बघितलं. आवडलं! लिहायलाही भीती वाटते.

स्वयंपाकघर, बाहेरची खोली, आतली खोली आणि शिवाय एक चिंचोळी खोली. लेक तिच्यात शिरली, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आतून ओरडली, "आई, याला कडी आहे!" सतरा वर्षांची झाली तरी बिचारीचं अंथरूण अजून स्वयंपाकघरात.

मला मात्र घराहून जास्त आवडला तो बसचा थांबा. शेवटचा थांबा, खिडकीतून दिसतो. बस येते, सगळे उतरतात, ड्रायव्हर जरा पाय मोकळे करतो आणि तीच बस रिकामी परत निघते. म्हणजे सकाळी मी चढेन तेव्हा हवी ती जागा! खिडकीला डोकं टेकायचं आणि शहर येईपर्यंत तासभर झोपायचं. आत्ता मी मधल्या थांब्यावर चढते. तिथे दांडा धरायलासुद्धा वशिला लागतो.

यांना सांगितलं तर हसले. "लोक घर घेताना पाणी बघतात, ऊन बघतात. तू सीट बघ." हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत, कंपनीची गाडी दारात न्यायला येते. यांना काय कळणार! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

१० मार्च, सोमवार

एजंटचा फोन. आवाजात नुसती साखर. "ताई, आनंदाची बातमी! बस पुढे वाढणार आहे. पार जनावरांच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत!"

"म्हणजे हा शेवटचा थांबा राहणार नाही?"

"छे हो! तुमचा आता मधला होणार."

म्हणजे बस तिकडूनच भरून येणार. इतकं गोड बोलून कुणी कुणाच्या तोंडचा घास काढला नसेल.

१५ मार्च, शनिवार

अर्धी रजा टाकून बसच्या ऑफिसात गेले. चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ न विचारताच म्हणाले, "नवीन घर ना? सगळे तेच विचारायला येतात. काळजी करू नका, होईल बस."

म्हटलं, होऊ नये म्हणून विचारतेय.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरचा नकाशा दाखवला. आपल्या बसची लाल रेघ शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून पुढे नुसते ठिपके.

"ठिपके म्हणजे?"

"विचार चालू आहे."

"कधीपासून?"

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून." केस पांढरे झालेत त्यांचे. जिवात जीव आला!

पण निघताना म्हणाले, या वेळी पाहणी होणार आहे. थांब्याथांब्यावर विचारणार, पुढे कोण कोण जाईल. माणसं निघाली तर बस जाणार. पुन्हा जिवाला घोर.

१६ मार्च, रविवार

लेकीने कॉलेजचा अर्ज भरला. पहिली पसंती — त्या जनावरांच्या दवाखान्यातलंच कॉलेज. हे तिचं लहानपणापासूनचं वेड. बूट पुसायच्या फडक्याने एकदा मांजरीचा पाय बांधला होता, मांजरीने हिचाच हात फाडला!

"तिथे नंबर लागणं म्हणजे लॉटरी," तीच म्हणाली. "दुसरं शहरातलंच आहे, ते मिळेल. मग तुझ्याबरोबरच येत जाईन."

मला फार बरं वाटलं. दोघी शेजारी शेजारी बसून जाऊ.

२३ मार्च, रविवार

घर पुन्हा बघायला गेलो. छताला ओल दिसली. हे आणि एजंट वर तोंड करून वाद घालत बसले. मी आणि लेक खाली थांब्यावर आलो. ती लगेच तिथल्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढायला बसली. कुत्राही शहाण्यासारखा मान वाकडी करून देत होता.

तेवढ्यात पाहणीवाली बाई आली. उन्हाने लाल झालेली, माझ्यासारखीच दमलेली.

"बस पुढे सुरू झाली तर तुमच्या घरातून कुणी जाईल का? कामाला, शिकायला, दवाखान्यात?"

"नाही," म्हटलं. "कुणीच नाही."

किती पटकन म्हटलं! ती मान डोलावून पुढे गेली.

खोटं नाही ते. आज कुणी जात नाही, हे खरंच आहे. लॉटरी का कुणाला लागते? तरी रात्रीचं जेवण गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

घर घ्यायचं ठरलं. झोपते.

२ जून, सोमवार

नव्या घरातून पहिला दिवस कामाचा. बस रिकामी! उजवीकडची खिडकी धरली. डोळे मिटले ते थेट शहरात उघडले, तेही कंडक्टरने हाक मारल्यावर — "ताई, घरच करताय का इथे?"

लाँड्रीत सगळ्या विचारत होत्या, आज हसतेस का गं? सुख म्हणतात ते एवढंच असतं. मला एवढंच पुरे.

१९ जून, गुरुवार

लॉटरी लागली. लेकीचा नंबर जनावरांच्या कॉलेजात लागला!

ती रडली, मग हसली, मग खाली जाऊन त्या कुत्र्यालाही सांगून आली. मलाही आनंद झाला, अगदी खरा. पण जेवताना यांनी विचारलं, "जाणार कशी?" तास पहाटे सुरू होतात, दूध काढायच्या वेळी. थांब्यापासून पुढे नुसता मोकळा रस्ता. दिवे नाहीत, रिक्षा जात नाही.

"बस वाढणारच आहे की," हेच म्हणाले.

मी लेकीला उगाच वाढत राहिले. "पुरे गं," म्हणाली तेव्हा ताटात बघितलं.

२५ जून, बुधवार

थांब्यावर कागद चिकटवलाय. पुढे जाणारे प्रवासी पुरेसे नसल्यामुळे मार्ग वाढवायचा विचार सध्या सोडून दिला आहे.

मार्चमध्ये वाचला असता तर नाचले असते.

२६ जून, गुरुवार

पुन्हा बसच्या ऑफिसात. त्या गृहस्थांनी ओळखलं. "तुम्हीच ना, होऊ नये म्हणणाऱ्या? झालं की मनासारखं!"

म्हटलं, आता व्हायला हवी आहे. पुन्हा पाहणी कधी?

हसणार होते, पण माझं तोंड बघून हसले नाहीत. "अहो, एका घराने बस येत नाही आणि जातही नाही. मनाला लावून घेऊ नका."

तसंच असेल. पण मला एकदाच विचारलं होतं, आणि मी स्वतःच्या पायांपुरतं बघितलं. पोटच्या पोरीला घरातली 'कुणीच नाही' करून टाकलं. हे यांना सांगायची हिंमत नाही.

२९ जून, रविवार

लेक होस्टेलवर राहणार म्हणते. हे चिडले. "मग कडीची खोली घेतली कुणासाठी?" ती म्हणाली, "सुट्टीत येईन ना, बाबा." समजावतेय कोण कुणाला! मी कपडे इस्त्री करून दिले. एवढंच येतं मला.

६ जुलै, रविवार

लेकीला होस्टेलवर सोडून आलो. हे पुढे बॅग घेऊन गेले तेव्हा फाटकापाशी मी तिला सांगून टाकलं — त्या पाहणीवालीला मी काय म्हटलं होतं ते.

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "मग त्या माझ्याकडे आल्या. मीही 'नाही'च सांगितलं. म्हटलं, आईला बसायला मिळू दे."